काट्यावरचा अंगठा

बाजारात सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा आणि खोटा असेल त्याच्या मालकाला दंड ठोकायचा, हे त्यांचं काम. परड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक त्यांना दारातूनच दिसायचं. तोलताना दुकानदाराचा अंगठा परड्याला नुसता टेकला, तरी यांचा हात त्याच्या मनगटावर पडलाच म्हणून समजा. आणि असा हा माणूस एके दिवशी भर बाजारात, भर दुपारी, एका दुकानापुढच्या मोठ्या काट्यावर बसल्या बसल्या झोपला.

ते बसले होते फक्त बुटाची नाडी बांधायला. काटा नुकताच तपासून झाला होता आणि शिक्काही मारून झाला होता. पोत्यांचा काटा तो, चांगला ऐसपैस, बसायला सोयीचा. एका बुटाची नाडी बांधून झाली, दुसरी राहिली आणि साहेबांची मान छातीवर पडली. एवढ्यावर निभावलं असतं. पण त्या काट्याचे तांबडे लखलखीत आकडे रस्त्याकडे तोंड करून होते, गिऱ्हाइकाला लांबून दिसावेत म्हणून. आणि तसे ते लावायला लावले होते खुद्द काटेसाहेबांनीच.

जाग आली तेव्हा समोर निम्मा बाजार जमलेला.

"शहाऐंशी किलो," कुणीतरी मोठ्याने वाचलं.

"कपड्यांसकट हो," दुसऱ्याने साहेबांची बाजू घेतली.

काटेसाहेब ताडकन उठायला गेले, पण हल्ली त्यांना ताडकन असं काही जमत नव्हतं. सावकाश उठले, कोट खाली ओढला आणि म्हणाले, "काटा खोटा आहे. माझं वजन एकोणऐंशी, हा सात किलो जास्त दाखवतोय."

दुकानदाराने हात जोडले. "साहेब, शिक्का तुम्हीच मारलात. आत्ताच. झोपायच्या आधी."

पण माघार घेईल तो निरीक्षक कसला! त्यांनी शिपायाला खात्याची वजनं पुन्हा उतरवायला लावली. वीस किलोचं एकेक लोखंडी वजन काट्यावर चढलं, मग किलोकिलोची पितळी चढली आणि काटा प्रत्येक वेळी सरळ नाकासमोर चालला. ग्रॅमचाही फरक नाही. म्हणजे फरक होता तो कुठे, हे निम्म्या बाजाराला कळलं आणि सगळ्यात शेवटी काटेसाहेबांना कळलं.

गोष्ट मोठ्या साहेबांच्या कानावर गेलीच. बाजारातल्या गोष्टींना कुणी हमाल लावावा लागत नाही.

"बसा," मोठे साहेब म्हणाले आणि लगेच, "नाही, उभेच राहा, बसलात की झोपता म्हणे. हे पाहा, तुमची बाजारातली फिरती काढून घ्यायचं माझ्या मनात नाही. पण फिरतीला माणूस जागा लागतो. तीन महिने देतो. तिमाहीअखेर बाजारातल्या सगळ्या काट्यांची फेरतपासणी आहे आणि मी स्वतः येणार आहे. तेव्हा तुम्ही मला जसे होतात तसे दिसलात तर ठीक. नाहीतर आवक-जावक."

आवक-जावक! आलेल्या टपालावर आकडा घालायचा, जाणाऱ्या टपालावर आकडा घालायचा. त्या टेबलावर बसलेला माणूस निवृत्त झाला तरी चार दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. काटेसाहेबांना बाजार आठवला. बाजारातली ती दराऱ्याची फेरी, लांबून उठणारी "साहेब आले, साहेब आले" ही कुजबुज, घाईघाईने पुसली जाणारी परडी... ते गेलं तर राहिलं काय?

बायकोचं म्हणणं वेगळंच होतं. "मी गेले वर्षभर सांगतेय, तपासून घ्या. सगळं जग पंखा लावून बसलंय आणि तुम्ही स्वेटर घालून. आवाज बघा कसा घोगरा झालाय. परवा शिक्का मारायची हातोडी फ्रिजमध्ये सापडली. कोथिंबिरीशेजारी."

"ती गरम झाली होती," काटेसाहेब म्हणाले. पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार कमी बोलायच्या. त्यांनी गळा चाचपला, कातडी पाहिली, मग साहेबांना पलंगावर पाय सोडून बसवलं आणि टाचेच्या वर रबरी हातोडीने हलकेच ठोकलं. पाऊल खाली गेलं आणि परत वर यायला त्याने चांगलाच वेळ घेतला.

"पाऊल परत यायला उशीर लावतंय," बाई म्हणाल्या.

"सरकारी आहे," बायको म्हणाली.

रक्त तपासून आलं आणि निदान ठरलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावली होती. हे ऐकून काटेसाहेबांचा जो अपमान झाला तो बाजारातही झाला नव्हता. "माझी ग्रंथी? मंद? अहो, मी आयुष्यात एक रजा फुकट घालवली नाही!"

बाईंनी शांतपणे समजावलं. या ग्रंथीचं काम शरीराला चालना देणारं द्रव्य बनवायचं. ते कमी पडलं की मेंदूकडून ग्रंथीला हुकूम सुटतो, काम कर. तरी झालं नाही तर आणखी हुकूम. रक्तात जो टीएसएच मोजतात तो म्हणजे हे हुकूम आणि तुमच्यात ते भलतेच वाढलेत.

"म्हणजे वरून स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं आणि खाली कामाच्या नावाने शून्य," काटेसाहेब म्हणाले. त्यांना एकदम पटलं. असं एक कार्यालय त्यांच्या चांगल्या परिचयाचं होतं.

"अगदी बरोबर. ग्रंथी जे बनवत नाही ते आपण गोळीतून द्यायचं. सकाळी उठल्यावर अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर काही नाही. चहासुद्धा नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू."

"किती दिवस घ्यायची?"

"आयुष्यभर."

काटेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. आयुष्यभराचं असं एकच प्रकरण त्यांनी आजवर पत्करलं होतं आणि तीही आता डॉक्टरीणबाईंच्या बाजूने मान हलवत होती.

संध्याकाळी शेजारचे विमावाले आले. हे गृहस्थ लोकांचे विमे उतरवायचे, त्यामुळे कुणी आजारी पडलं की त्यांना आपण म्हणालो तसंच झालं असं वाटायचं.

"थायरॉईड?" ते म्हणाले. "अहो, हा तर बायकांचा आजार!"

"मला आहे का?" आतून बायकोचा आवाज आला. "नाही. यांना आहे. मग कुणाचा झाला?"

विमावाले जरा चपापले, पण विमा विकणारा माणूस एका नकाराने थोडाच हटतो! त्यांनी कोबी बंद करायला सांगितला, उशी बदलायला सांगितली, गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळायला सांगितला आणि जाता जाता घरातून एक डबा आणून दिला. हाडांसाठी कॅल्शियमची पूड. त्यांच्या बायकोने दोन चमचे घेऊन टाकून दिलेली. "अशक्तपणावर रामबाण. सकाळच्या चहात चमचाभर. बघा, महिन्यात घोड्यासारखे धावाल!" काटेसाहेबांनी डबा ठेवून घेतला. घोड्यासारखं धावायची त्यांना निकड होती.

आता गोळी. पाकिटावर लिहिलं होतं, पन्नास मायक्रोग्रॅम. तुमच्याआमच्यासारखा माणूस ते वाचून गोळी तोंडात टाकेल. पण काटेसाहेबांनी जन्मात कधी कुणाच्या लेबलावर विश्वास ठेवला होता? एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. खात्यातला सगळ्यात नाजूक काटा एवढ्यासाठी मानही हलवत नाही. ते सरळ सराफाच्या दुकानात गेले.

सराफ उठून उभा राहिला. "साहेब, माझी तपासणी तर झाली..."

"तपासणी नाही. हे तोला."

सराफाने काचेच्या पेटीतल्या काट्यावर ती इवलीशी गोळी ठेवली. काट्याने दाखवलं, एक दशांश ग्रॅम. काटेसाहेबांनी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. एक दशांश ग्रॅम म्हणजे लाख मायक्रोग्रॅम. लेबलावर पन्नास. दोन हजार पट!

आयुष्यभर त्यांनी कमी देणारे पकडले होते. दोन हजार पट जास्त देणारा हा पहिलाच. जास्त दिल्याबद्दल कुठल्या कलमाखाली दंड करायचा हे त्यांना आठवेना, म्हणून त्यांचा संताप आणखी वाढला. तसेच ते औषधाच्या दुकानात गेले आणि गल्ल्यावरच्या मुलीपुढे पाकीट आपटलं. "हे काय चाललंय?"

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, औषध पन्नासच आहे. बाकी सगळा गोळीचा भराव. नुसतं औषध दिलं असतं तर तुम्हाला चिमटीत तरी धरता आलं असतं का? शिंक आली की डोस गेला."

रांगेतले लोक हसले. काटेसाहेबांना भराव पटला, पण काका झोंबला. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी निमूटपणे गोळी सुरू केली.

आणि खरा घोटाळा सुरू झाला तो इथे, कारण घरात आई होती.

त्या घरातला पहिला चहा काटेसाहेब स्वतः करत आणि तो फक्त दोन कप असे. बायको उठायच्या आधी आई आणि ते स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी समोरासमोर बसत. वडील गेल्यापासूनचा हा रिवाज. दिवसभरात कुणाला वेळ नसे, पण त्या दहा मिनिटांत आई सगळं बोलून घ्यायची. गुडघा, स्वप्नं, समोरच्या इमारतीत कोण राहायला आलं, वडील एकदा छत्री विसरले होते ते. आईला आजारपणाबद्दल सांगायचं नाही असं काटेसाहेबांनी ठरवलं होतं. उगाच काळजी करील. म्हणून ते एवढंच म्हणाले, "आई, मी आजपासून चहा तासाभराने घेईन. तू घे."

"बरं," आई म्हणाली. "मग मीपण मागाहूनच घेईन."

"अगं, तुला कशाला?"

"एकटीने कसला चहा!"

पहिल्या दिवशी आई गप्प बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यावर खेकसली. पुढच्या दिवशी तिने कपाळाला पट्टी बांधली आणि डोळे मिटून खुर्चीत अशी बसली, की बघणाऱ्याला वाटावं, मुलाने हिला उपाशी ठेवलंय. काटेसाहेब समोर बसून घड्याळाकडे बघत होते. काटा हलेल तर शपथ! आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या काट्याला अंगठ्याने पुढे ढकलावं असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी त्यांचा निर्णय झाला. मायक्रोग्रॅम मोठा की आई? त्यांनी गोळी गिळली आणि तिच्या मागोमाग, गोळी घशाखाली उतरते न उतरते तोच, दुधाचा दाट चहा घेतला. त्यात विमावाल्यांची पूड चमचाभर, म्हणजे झालं तर नुकसान भरून निघावं. आईने पट्टी सोडली. घरात शांतता नांदू लागली. बायको उठून विचारायची, "तासभर थांबलात ना?" आणि काटेसाहेब वर्तमानपत्रातून म्हणायचे, "हो, हो."

सहा आठवडे असे गेले. झोप काही हटली नाही. मोठ्या साहेबांनी दोनदा येऊन टेबलापाशी खाकरून पाहिलं. आवक-जावकच्या माणसाने तर एकदा प्रेमाने विचारलंही, "खिडकीची बाजू घेणार का तुम्ही? दुपारी ऊन चांगलं येतं."

रक्ताचा अहवाल घेऊन काटेसाहेब आणि बायको डॉक्टरीणबाईंसमोर बसले. आकडा होता तिथेच होता. जेमतेम केसभर हलला होता.

"गोळी कशी घेता?" बाईंनी विचारलं.

"नियमाप्रमाणे," काटेसाहेब म्हणाले.

"मी रोज विचारते," बायकोने साक्ष दिली. किती विश्वासाने दिली ती!

बाईंनी पेन उचललं. "मग हा डोस तुम्हाला पुरत नाही. वाढवायला हवा."

पेन कागदावर टेकणार, एवढ्यात काटेसाहेबांच्या डोळ्यांपुढे एक जुना दुकानदार उभा राहिला. त्याचा काटा कमी दाखवायचा, कारण पोरगा खालून परडं धरायचा. आणि हा बाप मेळ बसवायला त्याच परड्यात वजनं वाढवत सुटला होता. तेव्हा काटेसाहेब त्याला म्हणाले होते, अरे शहाण्या, आधी हात काढ, मग वजन घाल! आज ते स्वतः त्या बापाच्या जागी बसले होते. वाढवलेला डोस उद्या खरोखरच अंगी लागला तर? इथे चूक काट्याची नव्हती आणि वजनाचीही नव्हती. समोर एक प्रामाणिक बाई त्यांच्या शब्दावर विसंबून माप बदलायला निघाली होती.

"थांबा," ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच बाजारातल्यासारखा निघाला. "वाढवू नका. काट्यावर अंगठा होता."

बाईंना काही उमगलं नाही. बायकोला मात्र तत्क्षणी उमगलं. इतकी वर्षं ती या माणसाच्या घरात राहत होती.

"कुणाचा?" तिने विचारलं.

"माझाच."

मग चहा निघाला, दूध निघालं, विमावाल्यांची पूड निघाली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दूध, चहा आणि वर कॅल्शियम! गोळीला आत शिरायलाच देत नव्हतात तुम्ही. पूड बंद. कधी घ्यायचीच झाली तर गोळीनंतर चार तासांनी. आणि बरं झालं सांगितलंत. डोस उगीच वाढला असता तर छाती धडधडायला लागली असती." घरी येईपर्यंत बायको चार पावलं पुढेच चालत राहिली. काटेसाहेबांना दंड ठाऊक होते, पण हा त्यांतला सगळ्यात जबर होता.

घरात पाऊल टाकताच ती सासूबाईंना म्हणाली, "आई, तुमच्या मुलाला विचारा त्याला काय झालंय."

आता लपवून उपयोग नव्हता. काटेसाहेबांनी टेबलाशी बसून सगळं सांगितलं. ग्रंथी, गोळी, आवक-जावक, तासभर. आई ऐकत राहिली. मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "एवढंच होतं होय? मला वाटलं, तुला माझ्यासमोर बसायचा कंटाळा आला. म्हातारी रोज तेच तेच बोलते, म्हणून तासाभराची पळवाट काढलीस."

दुसऱ्याच्या परड्याखालचं चुंबक दारातून ओळखणारा हा माणूस, पण रोज समोर बसणाऱ्या आईच्या मनात काय अडकलंय ते त्याला दिसलं नव्हतं. "वेडी आहेस का?" ते कसंबसं म्हणाले. "अगं, तुझ्यासाठीच तर..."

"ते राहू दे. माझ्याशी खोटं, बायकोशी खोटं आणि डॉक्टरशीही खोटं. दुसऱ्याला दंड करतोस ना?" आईचं रडू संपलं होतं. "मी उजाडायच्या आधीच जागी असते. कूस बदलत पडलेली असते. गोळी माझ्याकडे दे. मी तुला उठवून देईन. घे आणि परत झोप. तू उठशील तेव्हा तास होऊन गेलेला असेल. मग दोघं चहा घेऊ. यात काय मोठं गणित होतं? मला विचारायचं तरी!"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. दोन सुशिक्षित माणसं, एक डॉक्टर, एक विमावाले, आणि आईला विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात नवा निरीक्षक आला आणि जुना त्याच्यापुढे काहीच नव्हता. अंधारात खांदा हलवला जायचा. "ऊठ. आ कर. पाणी पी. सगळं पी. जीभ दाखव." जीभ पाहिल्याशिवाय आई हलायची नाही. विमावाले पुडीचा दुसरा डबा घेऊन आले, तेव्हा तिने त्यांना दारातच विचारलं, "तुमच्या बायकोने का टाकली?" डबा घेऊन ते आल्या पावली परत गेले.

हळूहळू स्वेटर कपाटात गेला. हातोडी पिशवीतच सापडू लागली. एका दुपारी कार्यालयात काटेसाहेबांच्या लक्षात आलं, की आपण जेवणानंतर जागे आहोत आणि आजूबाजूचे सगळे पेंगताहेत. त्यांना फार बरं वाटलं. पुढचा अहवाल आला, स्मरणपत्रं खाली आली होती. "हाच डोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मधून मधून तपासत राहायचं."

"माहीत आहे," काटेसाहेब म्हणाले. "काटा एकदा बरोबर निघाला म्हणून जन्मभर बरोबर राहत नाही. फेरतपासणी लागतेच."

तिमाहीअखेर मोठे साहेब बाजारात आले. काटेसाहेब पुढे, ते मागे. वीस किलोचं पहिलं वजन शिपायाने उचलायला हात घातला, तर काटेसाहेबांनी ते स्वतःच उचलून परड्यावर ठेवलं आणि श्वास लागला नाही असं दाखवलं. थोडासा लागला होता, पण तेव्हा मोठ्या साहेबांकडे पाठ होती. एका दुकानात त्यांनी लांबूनच "थांब!" म्हटलं आणि एक अंगठा जागच्या जागी गोठला. मोठे साहेब शिपायाला म्हणाले, "आवक-जावकला दुसरं कुणीतरी बघा."

शेवटी आलं ते धान्याचं दुकान. तोच ऐसपैस काटा, तेच तांबडे आकडे. वजनं चढली, उतरली, सगळं ठीक. लोक मात्र हलेनात. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती, पण बोलणार कोण?

काटेसाहेबांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मग डाव्या बुटाची नाडी सोडली, काट्यावर सावकाश बसले आणि डोळे चांगले उघडे ठेवून ती पुन्हा बांधली. आकडे धावले आणि थांबले. त्र्याऐंशी.

"साहेब," दुकानदार भीत भीत म्हणाला, "तुमच्या जुन्या हिशेबाने अजून चार किलो जास्तच दाखवतोय."

"ते माझे आहेत," काटेसाहेब म्हणाले. "काटा बरोबर आहे."

आणि त्यांनी हातोडी घेऊन शिक्का मारला.